अठरावी सही

एकतीस वर्षं ते घरोघरी जाऊन पाण्याचे मीटर वाचत होते. हातात बॅटरी, काखेत वही, आणि उकिडवं बसून बसून कायमचे दुखरे झालेले गुडघे. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाचा नळ गळतो, कुणाची मुलगी परत माहेरी राहायला आली आहे, हे त्यांना नुसत्या आकड्यांवरून कळायचं. पण इकडचं तिकडे त्यांनी कधी केलं नाही. निवृत्त झाल्यावर माणसं दुपारी झोपतात. यांना ती झोप लागेना, कारण बसथांबा नेमका त्यांच्या दारासमोर होता. मग घरी तळमळत पडण्यापेक्षा ते नगरपालिकेच्या सभांना जाऊन बसू लागले.

सभागृहात लोकांसाठी मागे तीन बाकं होती. तिथे बहुतेक वेळा तिघेच असत: हे, गावच्या साप्ताहिकाचा संपादक, आणि एक म्हातारे गृहस्थ जे पंख्याखाली बसायला मिळतं म्हणून येत. दोन वर्षांत त्यांना कुठला ठराव कुठल्या विभागाकडे जातो, कुणाच्या टेबलावर कागद अडतो, हे तोंडपाठ झालं. मग गल्लीतले लोक त्यांच्याकडे अर्ज लिहून घ्यायला यायला लागले. दिवा बंद आहे, गटार तुंबलंय, जन्मदाखल्यात आईचं नाव चुकलंय. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, भाषा कचेरीला शोभेल अशी. लोक त्यांना अर्जकाका म्हणू लागले. काकू म्हणायच्या, "यांना भाजी आणायला सांगितली तरी विषय आणि संदर्भ विचारतात."

अर्जकाकांना एका गोष्टीचा अभिमान होता. त्यांच्या अर्जात खोटा शब्द नसे. कुणी म्हणालं, "काका, लिहा की चार महिने दिवा बंद आहे," तर ते विचारत, "चार की तीन?" आणि तीनच लिहीत.

समोरच्या घरात शिलाईवाल्या मावशी एकट्या राहत. गल्लीच्या त्या मावशी. अर्जकाका मात्र त्यांना वहिनी म्हणायचे, कारण त्यांचा नवरा पाणीखात्यातच, यांच्याच टेबलाला टेबल लावून बसणारा. तो अचानक गेला तेव्हा मावशींना सहीसुद्धा येत नव्हती, अंगठा लावायच्या. घर नावावर करायचं होतं, नळ नावावर करायचा होता. अर्जकाका म्हणाले, "वहिनी, अंगठा नको. सही शिका." रोज संध्याकाळी ते समोर जाऊन बसत. मावशी शिलाईच्या खडूने जुन्या पाटावर स्वतःचं नाव गिरवत. अक्षरं आली, पण वरची रेघ काही सरळ येईना. दर वेळी मधेच खाली घसरायची, धावदोरा घातल्यासारखी. शेवटी मावशीच म्हणाल्या, "राहू दे भाऊजी. कापडावर सरळ येते, ते पुरे आहे." बारा दिवसांनी त्यांनी पहिला कागद स्वतःच्या सहीने दिला. नाव सोडून बाकी वाचता त्यांना येत नव्हतं. अर्जकाका जे लिहीत, त्याखाली त्या सही करत.

हे सांगायचं कारण पुढे येतं.

बसथांब्याचं अर्जकाकांनी फार दिवस सोसलं. लोक पायरीवर बसत. कागद, साली, रिकामे पेले तिथेच टाकत. खिडकीच्या कट्ट्यावर कुणी पिशवी ठेवी, कुणी कोपर. एकदा दाराला नवा रंग दिला, तर संध्याकाळपर्यंत त्यावर एका पाठीचा पूर्ण ठसा. एक गृहस्थ तर सरळ आत येऊन म्हणाले, "जरा पंख्याखाली बसू का? बसला वेळ आहे." काकूंनी त्यांना बसवलं आणि पाणी दिलं. काकूंना या थांब्याची कटकट नव्हती. त्या खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलायच्या. कोण कुठे चाललंय, कुणाचं दुखतंय काय, सगळं त्यांना ठाऊक असे. पण अर्जकाकांच्या डोक्यात बसलं ते बसलं. हा थांबा इथून हलवायचा.

नियम त्यांनीच शोधून काढला. गल्लीतल्या तीन चतुर्थांश घरांनी लेखी मागणी केली तर थांबा हलवता येतो. घरं चोवीस. म्हणजे अठरा सह्या. अर्ज शुक्रवारी पाच वाजेपर्यंत द्यायचा, नाहीतर पुढच्या सहामाहीत.

ते दारोदार फिरले. बऱ्याच जणांना थांब्याशी घेणंदेणं नव्हतं, त्यांच्याकडे स्वतःच्या गाड्या होत्या. पण अर्जकाकांनी कधी ना कधी प्रत्येकाचं काहीतरी काम करून दिलेलं. लोकांनी भिडेखातर सह्या केल्या. गल्लीच्या टोकाला एक नर्सबाई राहायच्या, त्यांनी मात्र स्पष्ट सांगितलं, "काका, मी पहाटेच्या पाळीला बसने जाते. मी नाही करणार." आणखी पाच घरांनी नकार दिला. मावशी म्हणाल्या, "बघू भाऊजी. विचार करते." मावशींच्या एका खुब्याचं हाड दुखायचं. शिवलेल्या पडद्यांचं गाठोडं घेऊन त्या आठवड्यातून तीनदा बाजारातल्या दुकानात जायच्या, त्याही बसनेच. विचार करते म्हणजे काय, हे अर्जकाकांना कळायला हवं होतं. त्यांना ते कळलंही होतं.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता सतरा सह्या होत्या. ते समोर गेले, तर मावशींच्या दाराला कुलूप. मुलीकडे गेल्या होत्या, उद्या येणार होत्या. अर्जकाका घरी येऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. कागदावर मावशींच्या नावापुढची चौकट रिकामी होती. त्यांनी मनाशी म्हटलं, वहिनींनी आपल्याला आजवर कशाला नाही म्हटलंय? आल्या असत्या तर केलीच असती. ती सही त्यांनीच शिकवलेली. पेन टेकवलं आणि हात आपोआप चालला.

काकू चहा घेऊन आल्या. त्यांची नजर कागदावर गेली.

"समोरच्या कधी येऊन गेल्या?" त्यांनी विचारलं.

"सकाळी," अर्जकाका म्हणाले.

काकूंनी चहा ठेवला आणि त्या आत गेल्या. पाच वाजायला वीस मिनिटं असताना अर्ज आवक खिडकीत पोचला आणि त्यावर शिक्का बसला.

सुनावणी पुढच्या महिन्यात, एका मंगळवारी सकाळी अकराला होती. गल्लीतले पंधरावीस लोक आले होते. वाहतूक विभागाच्या अधिकारी बाई मधल्या टेबलाशी होत्या, शेजारी साप्ताहिकाचा संपादक वही उघडून. मावशीही आल्या होत्या, नर्सबाईंनी आग्रह करून आणल्या होत्या. अर्जकाका पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. मावशी आत शिरताना त्यांना दिसल्या आणि त्यांनी नजर समोरच्या टेबलाकडे वळवली.

अधिकारी बाईंनी नावं वाचली. अठरावं नाव आलं तशा नर्सबाई उभ्या राहिल्या.

"यांचं नाव कसं काय आहे?" त्या म्हणाल्या. "या स्वतः बसने जातात. त्यांना चालायला त्रास होतो. त्या थांबा हलवा म्हणून सही कशाला करतील?"

"त्या आल्या आहेत का?" अधिकारी बाईंनी विचारलं. "जरा पुढे या, मावशी."

मावशी खुर्च्यांचा आधार घेत पुढे गेल्या. अधिकारी बाईंनी कागद त्यांच्यासमोर सरकवला आणि बोट ठेवलं. मावशींनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या वाकून बघत राहिल्या. नाव बरोबर होतं, वळणही तेच होतं. पण वरची रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताठ गेली होती.

 उठावं आणि सांगून टाकावं, असं अर्जकाकांना वाटलं. गुडघ्यांवर हात ठेवून ते थोडे पुढेही झाले. उठले मात्र नाहीत.

"ही सही तुमचीच आहे ना?" अधिकारी बाईंनी विचारलं.

मावशींनी चष्मा काढला. "हो," त्या म्हणाल्या. "माझीच आहे."

नर्सबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि खाली बसल्या. दहा मिनिटांत निर्णय झाला. थांबा चढावर, पेट्रोलपंपाच्या पुढे जाणार. बाहेर पडताना दोघातिघांनी अर्जकाकांचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. मावशी जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरत होत्या. अर्जकाकांनी बूट नीट करण्याच्या निमित्ताने वाकून त्यांना पुढे जाऊ दिलं.

त्या आठवड्याच्या साप्ताहिकात दुसऱ्या पानावर त्यांचा फोटो आला. वर ठळक अक्षरात, 'ज्येष्ठ नागरिकाच्या पाठपुराव्याला यश'. खाली लिहिलं होतं, नियमांचा अभ्यास, सचोटी आणि चिकाटी असेल तर सामान्य माणूसही काय करू शकतो. संपादकाने अंकाच्या पाच प्रती घरी पाठवल्या. अर्जकाकांनी त्या कपाटात सर्वांत खाली, जुन्या चादरींखाली ठेवल्या.

थांबा गेला. दार शांत झालं. पायरी स्वच्छ राहू लागली. दुपारी ते पलंगावर पडत आणि डोळे उघडेच. सकाळी साडेदहाच्या सुमाराला समोरचं दार वाजे. मावशी गाठोडं डोक्यावर घेत, चार पावलं जात, थांबत, खुब्यावर हात ठेवत, पुन्हा चालत. चढ सुरू होतो तिथे त्या गाठोडं खाली उतरवत. खिडकीतून एवढंच दिसे, पुढे वळण होतं. अर्जकाका ती वेळ झाली की मोरीत जाऊन तोंड धुवायला लागले.

मावशी त्यांच्याशी पहिल्यासारखंच बोलत. "काय भाऊजी, बरं ना?" एवढंच, पण बोलत. मात्र कुठलाही कागद घेऊन त्या पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या घरासमोरचं गटार तुंबलं, तो अर्ज नर्सबाईंनी लिहिला. अर्जकाकांना तो आवक खिडकीशी दिसला. अक्षर गिचमिड होतं, शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. चुका मोजून झाल्यावर आपण काय मोजतोय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचे कान तापले.

स्वतःला समजवायला त्यांच्याकडे एकच गोष्ट होती. वहिनींनी आपल्याला सांभाळून घेतलं. इतक्या वर्षांचा ऋणानुबंध, चारचौघांत आपली मान खाली जाऊ नये म्हणून त्या बिचाऱ्या हो म्हणाल्या. हा विचार टोचायचा, पण त्यात थोडी ऊबही होती. महिनाभर ते त्या उबेवर राहिले. मग एका सकाळी, आता आभार मानायलाच हवेत, माफी मागायलाच हवी, असं ठरवून ते समोर गेले.

मावशी मशीनवर होत्या. खोलीभर निळं कापड पसरलेलं. अर्जकाका दारातल्या स्टुलावर बसले.

"वहिनी, त्या दिवशी तुम्ही माझी लाज राखलीत," ते म्हणाले.

मशीन थांबलं. "तुमची?"

"ती सही तुमची नव्हती. तुम्ही सांगू शकला असतात. माझ्यासाठी तुम्ही..."

"भाऊजी, मी घाबरले," मावशी म्हणाल्या.

त्यांनी सुईखालचं कापड सोडवलं आणि मांडीवर घेतलं. "त्या बाईंनी विचारलं, ही तुमचीच ना. मला घराचे कागद आठवले. हे गेल्यावर घर नावावर झालं, नळ झाला, आणखी काय काय झालं. सगळीकडे हीच सही आहे. सगळं तुम्हीच लिहिलेलं. मी म्हटलं, आता ही माझी नाही म्हणाले, तर त्या विचारतील, मग बाकीच्या कुणाच्या? घरच हातातून जायचं. त्यातल्या माझ्या किती आणि तुमच्या किती, ते मला कुठे कळतंय?"

"वहिनी, त्या सगळ्या तुमच्याच आहेत. देवाशपथ."

"तुम्ही म्हणता म्हणून," मावशी म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं.

अर्जकाकांना बसल्या जागी विरघळून जावंसं वाटलं. आपल्यावर उपकार करणारी बाई त्यांनी मनात रंगवली होती. समोर बसलेली बाई त्यांच्यामुळे महिनाभर स्वतःच्याच घराच्या काळजीत होती.

"मी उद्या जातो," ते म्हणाले. "अधिकारी बाईंना सांगतो की मी केली."

"आणि मी? मी सगळ्यांदेखत हो म्हणाले. आता मीच खोटी ठरते."

हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.  इतके नियम पाठ असलेल्या त्या माणसाने विचारलं, "मग मी काय करू?"

"ते मला नका विचारू," मावशी म्हणाल्या, आणि त्यांनी कापड पुन्हा सुईखाली सरकवलं.

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू डाळ निवडत होत्या. ऐकून घेऊन म्हणाल्या, "मला त्याच दिवशी कळलं होतं. त्या मुलीकडे गेल्यात हे मला माहीत होतं, मीच तर त्यांना हात केला होता सकाळी. तरी मी चहा ठेवून आत गेले. तुम्हाला एकट्याला काय बोलू?" त्यानंतर बराच वेळ दोघंही एकमेकांसमोर डाळच निवडत बसले.

दुसऱ्या दिवशी काकू समोर जाऊन आल्या. कागदांचं गाठोडं काढा, नर्सबाईंना बसवा, एकेक वाचून घ्या, असं त्यांनी सुचवलं. रविवारी मावशींच्या घरी ते वाचन झालं. अर्जकाका दिवसभर घराबाहेर पडले नाहीत. संध्याकाळी काकूंनी निरोप आणला, "कागद ठीक आहेत म्हणाल्या. सगळ्या सह्यांची रेघ वाकडी आहे." अर्जकाकांनी मान हलवली. आपले कागद कुणीतरी तपासून घ्यावे लागले, ही गोष्ट त्यांच्या जिवाला फार लागली. आणि ते बरोबरच होतं, हेही.

थांब्याच्या आदेशात एक ओळ होती: एक वर्ष फेरबदल होणार नाही. तेवढे दिवस त्यांनी मोजून काढले. वर्ष संपलं त्या सोमवारी त्यांनी नवा अर्ज लिहिला. विषय, थांबा पूर्वीच्या जागी आणणेबाबत. मजकुरात स्वतःविषयी लिहिलं, 'मागील मागणी मी माझ्या सोयीसाठी केली होती. इतरांच्या गैरसोयीचा विचार केला नव्हता. ती माझी चूक होती.' सहीबद्दल ते काही लिहू शकत नव्हते. अर्जात होतं तेवढं खरं होतं, पण आयुष्यात पहिल्यांदाच सगळं खरं त्यात नव्हतं.

पुन्हा तीच दारं. या वेळी भीड कुणाला नव्हती.

"काका, तुम्हीच म्हणालात ना हलवा म्हणून?"

"म्हणालो होतो. चुकलो."

"आता परत आमच्या नाक्यावर गर्दी?"

"तुमच्या नाही, माझ्या दारासमोर."

एक जण हसून बायकोला आतून बोलवून म्हणाला, "ऐक, काका काय म्हणतात बघ." तिच्यासमोर त्यांना सगळं पुन्हा सांगावं लागलं. दोघांनी तोंडावर दार लावून घेतलं. चुकलो हा शब्द ते दारोदार म्हणाले, पण त्याची त्यांना सवय काही झाली नाही. प्रत्येक दारात ते पेन समोरच्याच्या हातात द्यायचे आणि त्याची सही होईपर्यंत पाठ फिरवून उभे राहायचे. लोकांना वाटलं, म्हातारपणी माणूस विक्षिप्त होतोच.

मावशींच्या दारात ते गेले नाहीत. अर्ज घेऊन काकू गेल्या. तरी शेवटी सह्या एकोणीस झाल्या; राहिलेल्या बऱ्याच नर्सबाईंनी मिळवल्या.

निकालाला आणखी चार महिने लागले. मधे एक गोष्ट होऊन गेली. बाजारातल्या दुकानदाराने पडद्यांचं काम जवळच्या दुसऱ्या एका बाईला दिलं. मावशींना हल्ली माल पोचवायला उशीर होतो, असं तो म्हणाला. चढ चढून थांब्याशी पोचेपर्यंत एखादी बस सुटायचीच. आता मावशी घरबसल्या गल्लीतल्यांचे फाटकेतुटके कपडे नीट करून देतात, मिळेल ते काम. थांबा परत आला तेव्हा त्यांना तीनदा बाजारात जायची गरजच उरली नव्हती.

तो परत आला त्या दिवशी नर्सबाई दारात थांबून म्हणाल्या, "काका, तुमच्यामुळे झालं हे. एवढं फिरलात तुम्ही."

"माझ्यामुळेच गेला होता, बाई," अर्जकाका म्हणाले.

"ते झालं गेलं. चूक कबूल करायला पण हिंमत लागते."

 त्या बाई अर्जकाकांचं कौतुक करत होत्या, आणि त्यांना ते साप्ताहिकातल्या फोटोपेक्षाही जड गेलं. बस आली, त्या चढून गेल्या.

लोक पुन्हा पायरीवर बसू लागले. साली पडू लागल्या. सकाळी अर्जकाका स्वतः झाडतात. अर्ज लिहून देणं त्यांनी बंद केलेलं नाही, पण लिहून झालं की मोठ्याने दोनदा वाचून दाखवतात, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला म्हणतात, "आणखी कुणाकडून तरी वाचून घ्या, मगच सही करा." लोकांना हा खटाटोप वाटतो. काही जण कंटाळून दुसऱ्याकडे जाऊ लागलेत.

एका गुरुवारी मावशी मुलीकडे जायला निघाल्या. थांब्यापर्यंत आल्या, तशी काकूंनी घरातली खुर्ची बाहेर आणून ठेवली. मावशी बसल्या. अर्जकाका दारात झाडू हातात घेऊन उभे होते. आत जावं की थांबावं, त्यांना कळेना.

"भाऊजी, बस किती वाजताची?" मावशींनी विचारलं. 'बरं ना' यापलीकडे दीड वर्षात त्यांनी अर्जकाकांना स्वतःहून विचारलेली ही पहिली गोष्ट.

"सव्वाअकराची," ते म्हणाले. "पण गुरुवारी उशीर करते."

मावशींनी मान हलवली आणि रस्त्याकडे बघत बसल्या. अर्जकाका त्यांच्या पायांशी पडलेले कागद गोळा करू लागले. वर बघून बोलायचं त्यांना अजून जमत नव्हतं. बस वीस मिनिटं उशिरा आली. काकूंनी हात दिला, मावशी चढल्या, आणि खुर्ची आत नेताना काकू नवऱ्याला म्हणाल्या, "संध्याकाळी साडेसहाला परत येतील त्या. तेव्हाही ठेवा बाहेर, उतरल्यावर जरा टेकतील."

साडेसहाला अर्जकाकांनी ती स्वतः बाहेर ठेवली.